चार मजली परवडणारी घरं: आधुनिकतावादी वास्तुरचनेतलं काय घ्यावं, काय सोडावं?

(ही एक चर्चा आहे; प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

चौकट (प्रश्न)

४८ छोट्या घरांच्या इमारतीचा आराखडा ठरवायचा आहे. दर घराला चटईक्षेत्र ३२ चौ.मी.च्या आसपास, लिफ्ट नाही, पैसा मोजका. अक्षांश २० अंश उत्तर, उन्हाळा कडक, पाऊस धो धो. भूकंपाचा धोका मध्यम.

पहिल्या कच्च्या आराखड्यात गेल्या शतकातल्या आधुनिकतावाद्यांची जवळपास सगळी सूत्रं आली आहेत. खाली मोकळे खांब, वर चार मजले, मजल्याला १२ घरं, एका बाजूने लांब गॅलरी, दर्शनी भिंतीत या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी खिडकी, सपाट गच्ची आणि गिलावा न केलेलं उघडं काँक्रीट. कागदावर हे स्वस्त दिसतं: गिलावा नाही, रंग नाही, उतरतं छप्पर नाही.

यातलं खरोखर पैसे वाचवणारं काय आणि दहा वर्षांनी रहिवाशांच्या बोकांडी बसणारं काय? घराची रुंदी आणि खोली किती ठेवावी? संडास-बाथरूमचे नळ कुठून न्यावेत? गॅलरी ठेवावी की जिन्याला दोन-दोन घरं जोडावीत? आकड्यांसकट उत्तरं मिळाली तर फार बरं होईल.

ओळंबा

दोन हिशोब वेगळे काढा. आराखड्यातून होणारी बचत कायमची असते: सारख्या मापाची घरं, कमी नळ, बाहेरच्या भिंतीची कमी लांबी, छोटे गाळे (दोन आधारांमधली अंतरं). पृष्ठभागातून होणारी बचत, म्हणजे गिलावा नको, छज्जा नको, ही उसनवारी आहे आणि प्रत्येक पावसाळा तिचं व्याज वसूल करतो.

१९२९ साली फ्रँकफर्टला आधुनिकतावादी वास्तुकारांची परिषद भरली, तिचा विषयच 'किमान घर' हा होता. कुटुंबाला उजेड, हवा, जागा किती लागते, म्हणजे कमीत कमी किती मापात माणूस नीट राहतो, याचा तो शोध होता. पुढे लोकांच्या डोळ्यांत भरला तो पांढरा ठोकळा. तुमच्या यादीतही खांब, आडवी खिडकी आणि उघडं काँक्रीट आहे, मापं अजून आलेली नाहीत. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

घर ३.६ मीटर रुंद आणि ९ मीटर खोल ठेवा, ३२.४ चौ.मी. होतात. तेच क्षेत्रफळ ६ × ५.४ मीटरमध्ये बसवलं तर उजेड जास्त मिळेल, पण १२ घरांची दर्शनी लांबी ४३ मीटरवरून ७२ मीटरवर जाते. त्यासोबत बाहेरची भिंत, पाया आणि गॅलरीही वाढते. दीड मीटर रुंद गॅलरीचा दर घराला पडणारा वाटा ५.४ चौ.मी.वरून ९ चौ.मी. होतो. अरुंद आणि खोल घराचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण म्हणजे फ्रान्समधल्या मार्सेयची युनिते द'अबितासिओं ही इमारत (१९५२). तिथे घराची रुंदी ३.६६ मीटर आहे. मात्र ती इमारत २४ मीटर खोल आहे आणि घरांचा मधला पट्टा दिव्यावरच चालतो. तुम्ही ९ वर थांबा.

९ का, तर हवेचा ढोबळ नियम असा: खिडक्या एकाच बाजूला असतील तर वारा छताच्या उंचीच्या दोन-अडीच पट आत पोचतो, समोरासमोर असतील तर पाचपट. छत २.७५ मीटरवर धरलं तर ५.५ ते ६.९ मीटर आणि १३.७५ मीटर. म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडं असलेलं ९ मीटर खोल घर आरामात खेळतं राहतं, एकाच बाजूने उघडं असलेलं कोंदटतं. समोरासमोर खिडक्या ही या घरातली सोडता न येणारी गोष्ट आहे. बाकी सगळ्यावर तडजोड करा.

सांगाड्याबद्दल. ३.६ मीटरच्या गाळ्याला खांब-तुळया कशाला? घरांमधल्या आडव्या भिंतीच लोड बेअरिंग, म्हणजे भार पेलणाऱ्या करा. २०० मिमी भरीव ब्लॉकची भिंत आणि त्यावर १२५ मिमी स्लॅब. चार मजल्यांचं ओझं तळाशी भिंतीच्या दर मीटरला १४० किलोन्यूटनच्या आसपास येतं, म्हणजे ताण दर चौ.मिमीला ०.७ न्यूटन. चांगला ब्लॉक ते सहज पेलतो. शिवाय दोन घरांमध्ये जाड भिंत आल्याने शेजारच्यांचा आवाजही कमी येतो, जो खांब-तुळयांतल्या १०० मिमी भिंतीतून थेट येतो.

या पद्धतीची कमजोरी एकच, आणि ती मोठी आहे: सगळ्या भिंती एकाच दिशेला, त्यामुळे इमारतीच्या लांबीच्या दिशेने भूकंपाचा धक्का बसला तर अडवायला काही नसतं. पत्त्यांची उभी रांग जशी कलते तशी ती कलते. जिन्याच्या लांबीच्या दिशेच्या भिंती आरसीसीच्या शिअर वॉल, म्हणजे आडवा धक्का अडवणाऱ्या भिंती करा, १५० मिमी, पायापासून गच्चीपर्यंत सलग. जोत्याला, दारं-खिडक्यांच्या माथ्याला (लिंटेल) आणि स्लॅबखाली सलग पट्टे, कोपऱ्यांत आणि दारांच्या बाजूंना उभ्या सळया. हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून मोजून घ्या.

खालचे मोकळे खांब काढून टाका. वर भिंतींमुळे ताठ झालेले चार मजले आणि खाली नुसते खांब, अशा इमारतीत भूकंपाची सगळी हालचाल त्या एका मजल्यात साठते आणि खांब डोक्याशी नि पायाशी तुटतात. ते टाळायचं तर खांब इतके जाड होतात की बचत उरत नाही. दुसरं असं की लिफ्ट नसताना तुम्ही सगळ्यांनाच एक मजला जास्त चढायला लावताय. तळमजल्यावर १२ घरं ठेवा, ती म्हातारी माणसं आणि अपंग असलेल्या कुटुंबांना द्या. सर्वांत वरच्या घराला चार ऐवजी तीनच जिने राहतात. मजल्याची उंची २.९ मीटर धरली तर १८ पायऱ्या, प्रत्येकी १६१ मिमी. ही चढण सुसह्य आहे.

एक छोटी गोष्ट, जी आराखड्यात कोणी बघत नाही. ३.६ मीटर हे माप गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत हवं, भिंतींच्या मध्यरेषांवर नाही. ६०० मिमीच्या सहा फरशा आणि त्यांच्या फटी धरून ३.६१५ मीटर लागतात. त्यात दोन्हीकडचा १२ मिमी गिलावा आणि २०० मिमीची भिंत मिळवली की मध्यरेषा ३.८४ मीटरवर येते. सवयीने ३.८ काढली तर आत ३.५७६ उरतात आणि प्रत्येक घरात एक पूर्ण रांग कापावी लागते. घरामागे १५ फरशा, ४८ घरांत ७२०. काप, तूट, मजुरी, सगळं फुकटचं. १२ गाळे मिळून लांबी ४६ मीटर होते, तेव्हा मध्ये एक प्रसरण-सांधा (उष्णतेने फुगायला सोडलेली फट) घेऊन इमारतीचे दोन भाग करा.

पागोळी

ओळंबांच्या मांडणीशी सहमत. मी फक्त पाण्याबद्दल लिहितो, कारण अशा घरांत सगळ्यांत आधी पाणीच बिघडवतं.

नळ. दोन घरांचे संडास-बाथरूम पाठीला पाठ लावा आणि मध्ये नळांसाठी एकच शाफ्ट, म्हणजे उभी पोकळी द्या. मजल्याला १२ ऐवजी ६ शाफ्ट होतात आणि उभ्या नळांची लांबी जवळपास निम्मी होते. शाफ्ट गॅलरीच्या बाजूला ठेवा, १.२ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल, दोन्ही घरांत निम्मा-निम्मा. त्याला गॅलरीतून उघडणारं पत्र्याचं झडपांचं दार आणि आत दर मजल्याला उभं राहायला लोखंडी जाळी. प्लंबरला कोणाच्याही घरात शिरावं लागत नाही. ४५० मिमीच्या फटीत नळ उतरवले की त्यात माणूस जात नाही आणि गळती वर्षानुवर्षं तशीच राहते. भिंत ओली, मग काळी, मग आतली सळई फुगते.

मग घर असं बसतं: गॅलरीकडून पहिल्या २.४ मीटरमध्ये एका कडेला शाफ्टचा अर्धा भाग, त्याला लागून १.८ मीटर रुंद स्वयंपाकघर, दुसऱ्या कडेला १.१ मीटरचा प्रवेश. पुढच्या दीड मीटरमध्ये संडास आणि बाथरूम, दोन्ही वेगळे. संडास शाफ्टच्या बाजूला, कारण त्याचाच नळ मोठा. बाजूने १.१ मीटरचा रस्ता, आणि त्यापुढे पाच मीटर खोल मोकळी खोली नि बाल्कनी. सिंक शाफ्टच्या भिंतीला, संडास शाफ्टच्या पाठीला. ११० मिमीच्या आडव्या नळाला ४० ला १ उतार दिला तर दीड मीटरच्या धावेत जेमतेम ३८ मिमी उतरतात. म्हणून बाथरूमखाली ३०० मिमी खोल बुडवलेला स्लॅब लागतच नाही. मागे आउटलेट असलेलं संडासाचं भांडं घ्या आणि बाथरूमचा स्लॅब ७५ मिमी बुडवा, बस्स. खोल बुडवलेल्या स्लॅबमध्ये विटांचे तुकडे भरतात, त्या भरावात पाणी साठतं आणि खालच्या घराच्या छतातून टपकतं. फरशी न फोडता ते कुठून येतं हे कळतही नाही.

त्या शाफ्टमधून गॅसचा नळ किंवा विजेच्या केबली नेऊ नका. हवेसाठी उघडा ठेवलेला शाफ्ट आगीत धुराड्यासारखा चालतो.

गच्ची. 'सपाट' हा शब्द विसरा. १०० ला १ उतार कागदावर पुरतो, पण गवंड्याच्या हातून त्यात १० मिमीचे खळगे राहतात आणि पाणी तिथेच उभं राहतं. ८० ला १ किंवा त्याहून जास्त द्या. तासाला १०० मिमी पाऊस धरला तर १०० मिमीच्या एका नळाला सुमारे ४० चौ.मी. गच्ची पुरे. तुमच्या गच्चीला गॅलरीवरचं छप्पर धरून साधारण १२ नळ लागतील. त्याशिवाय कठड्यातून जादा पाणी बाहेर टाकणारी तोंडं, गच्चीच्या पातळीहून ५० मिमी वर. नळ पाल्याने तुंबला की पाणी तिथून धो धो पडताना खाली सगळ्यांना दिसतं आणि कोणीतरी वर जाऊन साफ करतं. तोंडं नसतील तर पाणी चुपचाप चढत जातं आणि जिन्याच्या दारातून आत येतं.

कठडा आणि गच्ची यांच्या काटकोनात ७५ मिमीची गोलाई करून जलरोधक थर कठड्यावर ३०० मिमी चढवा. बहुतेक गच्च्या मधोमध गळत नाहीत, याच कोपऱ्यात गळतात. कठड्याच्या माथ्याला आतल्या बाजूने उतार द्या, नाहीतर माथ्यावरची धूळ पावसात बाहेर ओघळते आणि दर्शनी भिंतीवर काळ्या मिशा उमटतात.

उघडं काँक्रीट. ते स्वस्त नसतं, फक्त त्याचा खर्च गिलाव्याच्या रकान्यातून उठून सेंट्रिंगच्या, म्हणजे साच्याच्या रकान्यात बसतो. चांगलं उघडं काँक्रीट हवं तर नवी प्लाय, न गळणारे सांधे, पाणी-सिमेंट प्रमाण ०.५ च्या आत आणि सळईवर किमान ३० ते ४० मिमी काँक्रीटचं आवरण (कव्हर). स्वस्त कामात यातलं पहिलं जातं ते कव्हर. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून काँक्रीटचा अल्कलीपणा मोडतो, तो सळईपर्यंत पोचला आणि ओल मिळाली की गंज सुरू होतो. गंज लोखंडापेक्षा किती तरी पट जागा घेतो आणि काँक्रीटचे पापुद्रे उडतात. कव्हर निम्मं झालं तर ही वेळ निम्म्याने नाही, साधारण चौपट लवकर येते, कारण आत शिरण्याची खोली काळाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. ब्लॉकच्या भिंतींना बाहेरून दोन थरांत २० मिमी गिलावा कराच. उघडं ठेवायचं असेल तर फक्त शिअर वॉल, आणि त्याही छताच्या आडोशाला.

छज्जा आणि बाल्कनी यांत एक चूक इतकी सर्रास होते की वेगळी सांगतो. भिंतीतून बाहेर आलेल्या स्लॅबची मुख्य सळई वरच्या अंगाला हवी. काँक्रीट ओतताना मजूर तिच्यावरूनच चालतात, सळई दबून मध्यावर किंवा तळाशी जाते. बाहेरून काहीच दिसत नाही. काही वर्षांनी भिंतीला लागून वरच्या बाजूने केसासारखी भेग पडते, त्यात पाणी जातं आणि एके दिवशी छज्जा लोंबतो. उपाय अगदी साधा: दर ६०० मिमीवर सळईच्या खुर्च्या, चालायला वेगळ्या फळ्या, आणि ओतण्याआधी टेपने वरचं कव्हर मोजणं. छज्जाच्या खालच्या अंगाला कडेपासून २० मिमी आत १२ मिमीची खाच ठेवा, म्हणजे पाणी तिथेच तुटून खाली पडतं, भिंतीपर्यंत येत नाही.

सावली

दिशेचा उल्लेख प्रश्नात नाही, आणि इथे पुस्तकी आधुनिकतावाद सरळ फसवतो. १९२० च्या दशकात जर्मनीत समांतर रांगांच्या वसाहती बांधल्या गेल्या. वास्तुकार ग्रोपिउसच्या नियोजनातली कार्ल्सरूहची डामरश्टोक वसाहत (१९२९) त्यातली नावाजलेली. त्या रांगा उत्तर-दक्षिण धावतात, म्हणजे सकाळचं ऊन झोपायच्या खोल्यांत आणि संध्याकाळचं बैठकीत. सूर्य दुर्मीळ असलेल्या अक्षांशावर हे शहाणपण आहे. २० अंशांवर तीच रांग पश्चिमेचं ऊन प्रत्येक घरात घेऊन येते.

तुमची इमारत पूर्व-पश्चिम लांब ठेवा, गॅलरी उत्तरेला, बाल्कनी दक्षिणेला. आकडे बघा. २० अंशांवर २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास दुपारचा सूर्य ७० अंशांवर असतो, डिसेंबरमध्ये ४६.५ वर. १.२ मीटरच्या बाल्कनीची सावली मार्चात ३.३ मीटर खाली येते, म्हणजे छतापासून जमिनीपर्यंत सगळी भिंत झाकते. डिसेंबरात ती १.२६ मीटर येते, मग २.७५ च्या उंचीतला खालचा दीड मीटर उन्हाला उघडा राहतो. उन्हाळ्यात सावली, थंडीत कोवळं ऊन, आणि त्यासाठी वेगळा पैसा लागत नाही, बाल्कनी तशीही बांधणारच आहात. साध्या खिडकीवर ६०० मिमीचा छज्जा मार्चात १.६५ मीटर सावली देतो, त्यात १.२ मीटरची खिडकी मावते.

पूर्व आणि पश्चिम टोकाला आडवा छज्जा कामाचा नाही, सूर्य २०-३० अंशांवर असताना ऊन त्याच्याखालून सरळ आत घुसतं. दोन्ही टोकांना जिने ठेवा आणि त्यांच्या बाहेरच्या अंगाला जाळीच्या विटा. टोकाचं घर वाचतं, जिन्यात दिवसा दिवाही लागत नाही.

आडव्या सलग खिडकीला मात्र नाही म्हणा. ३.६ मीटरच्या दर्शनी भिंतीत आधीच बाल्कनीचं दार आहे. उरलेल्या भागात सलग खिडकी आली की तिथे कपाट किंवा पलंग टेकवायला भिंतच उरत नाही. फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या पेसाकला ल कोर्ब्युझिए या आधुनिकतावादी वास्तुकाराने १९२० च्या दशकात कामगारांसाठी पन्नासेक घरं बांधली. रहिवाशांनी पुढे तिथल्या लांब खिडक्या बुजवून लहान केल्या, गच्च्यांवर उतरती छपरं चढवली, मोकळ्या जागा भिंती घालून बंद केल्या. त्या बदलांना बिघाड म्हणण्यापेक्षा ती मागण्यांची यादी म्हणून वाचली तर आराखडा सुधारतो. जमिनीपासून ९०० मिमीवर १.२ × १.२ मीटरची खिडकी, वर ४०० मिमीचा वेगळा झरोका. रात्री खिडकी बंद असली तरी गरम हवा वरून निघून जाते.

वरच्या मजल्याची उष्णता वेगळा विषय आहे. १२५ मिमीचा नुसता स्लॅब उष्णतेसाठी जवळजवळ उघडाच, यू-मूल्य (उष्णता किती सहज आरपार जाते त्याचं माप) ४ च्या आसपास. जलरोधक थरावर ५० मिमी एक्स्ट्रूडेड पॉलिस्टायरीन (उष्णता अडवणारा फोम) आणि वर पांढऱ्या फरशांचे तुकडे बसवले की ते ०.५ च्या जवळ येतं. शिवाय खालचा जलरोधक थर उन्हापासून वाचून जास्त टिकतो. हे १२ घरांपुरतंच आहे, पण ती १२ कुटुंबं एरवी उन्हाळाभर भाजतात. यात हात आखडू नका.

चौकट

खूप आभार, तळमजल्यावर घरं आणि शाफ्ट गॅलरीकडे, हे दोन्ही ठरलंच. दोन शंका. गॅलरीमुळे खासगीपणा जातो, असं सगळे म्हणतात, मग जिन्याला दोन घरं बरी नाहीत का? दुसरं, प्रीकास्ट (आधी ओतून आणलेली काँक्रीटची पॅनेल) किंवा अॅल्युमिनियम फॉर्मवर्क (काँक्रीट ओतायचे धातूचे साचे) घेतलं तर वेळ वाचेल का? आणि बैठकीत कोणीतरी प्रुइट-आयगो या पाडून टाकलेल्या अमेरिकी वसाहतीचं नाव काढतंच. त्याला काय सांगावं?

कडीकोयंडा

आधी गॅलरी. २.५ × ५ मीटरचा जिना दोन घरांत वाटला तर घरटी ६.२५ चौ.मी. पडतात, गॅलरीचे ५.४ अधिक टोकाच्या दोन जिन्यांचा वाटा धरून आठाच्या आत. फरक आहे, पण जिन्यांची संख्या दोनवरून सहावर जाते आणि शाफ्टला गॅलरीतून दार देता येत नाही. शिवाय एका जिन्याच्या घराला आगीत दुसरी वाट नसते. गॅलरीत टोकांना दोन जिने असले की मधल्या दारापासून कुठल्याही जिन्यापर्यंत २३ मीटरच्या आसपास अंतर येतं. मी गॅलरी ठेवेन, पण रुंदीत आणि खिडकीत काळजी घेऊन.

१.२ मीटरची गॅलरी फक्त चालायला होते, दोन माणसं बोलत उभी राहिली की तिसरा अडतो. १.५ किमान, दाराशी १.८ मिळाले तर दारापुढे खुर्ची आणि कुंडी बसते आणि गॅलरीवर लक्ष राहतं. रॉटरडॅमच्या स्पांगेन भागात वास्तुकार ब्रिंकमनने १९२२ मध्ये पूर्ण केलेल्या वसाहतीत गॅलरी २.२ ते ३.३ मीटर रुंद आहे, दूधवाल्याची गाडी वर फिरायची. तेवढी तुम्हाला परवडणार नाही, पण रुंदी आली की गॅलरीचा रस्ता होतो हे तिथे दिसतं.

गॅलरीवर फक्त स्वयंपाकघराची खिडकी येऊ द्या, झोपायची खोली पलीकडे आहेच. खिडकीची खालची कड १.१ मीटरवर ठेवा, ओट्यापाशी उभं असलेल्या माणसाला बाहेरचं दिसतं, चालणाऱ्याला आतलं घर कमी दिसतं. दरवाजा आत उघडणारा, बाहेर जाळीचा दुसरा. गॅलरीची जमीन घरापेक्षा ३० मिमी खाली, बाहेरच्या बाजूला ८० ला १ उतार. कठडा १.१ मीटर, उभ्या सळयांचा, मधलं अंतर १०० मिमीच्या आत. आडव्या सळया नकोत, मुलं त्यांची शिडी करतात.

स्वयंपाकघराबद्दल एक. वास्तुकार मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्कीचं फ्रँकफर्ट स्वयंपाकघर (१९२६) १.९ × ३.४ मीटरचं होतं आणि हजारो घरांत बसलं. पावलं मोजून ठरवलेली ती जागा होती. त्यावर तक्रार एकच राहिली: तिथे दुसरं माणूस उभं राहत नाही. म्हणून तुमच्या १.८ मीटर रुंदीत ओटा एकाच भिंतीला घ्या, ६०० मिमी. उरलेल्या १.२ मध्ये दोघं वावरतात. प्रवेशाच्या बाजूची भिंत पूर्ण न चढवता १.२ मीटरवर थांबवा.

प्रुइट-आयगो. सेंट लुईसमध्ये ११ मजल्यांच्या ३३ इमारती, २,८७० घरं, १९५४ पासून वस्ती, १९७२ ते १९७६ मध्ये पाडल्या. आधुनिक आराखड्याने वसाहत मारली, एवढंच त्यातून सांगितलं जातं. पण देखभाल भाड्यातून भागवायची होती, आणि शहरातून माणसं बाहेर जात होती. घरं रिकामी पडली तसं भाडं घटलं, भाडं घटलं तशी दुरुस्ती थांबली. आराखड्याचाही दोष होता: लिफ्ट फक्त ठरावीक मजल्यांवर थांबायची, बाकीच्यांनी जिन्याने वर-खाली जायचं, आणि त्या लांब सामायिक जागांची जबाबदारी कोणावरच नव्हती. बैठकीत विचारा की तुमच्या इमारतीत गच्चीचे नळ पावसाळ्याआधी साफ कोण करणार आणि त्याचे पैसे कोणत्या खात्यातून येणार. उत्तर तयार नसेल तर आराखडा कितीही चांगला असो, काळजी करायला जागा आहे. दर सहा-आठ घरांमागे सामायिक जागेचा एक निश्चित तुकडा नेमून द्या, तो त्यांच्या दारातून दिसणारा असावा.

ओळंबा

प्रीकास्टचं. ४८ घरांसाठी साचे, क्रेन, वाहतूक यांचा खर्च पसरायला घरंच पुरत नाहीत. आणि मोठ्या पॅनेलच्या इमारतीचा जीव सांध्यात असतो. लंडनच्या रोनन पॉइंट या पॅनेलच्या इमारतीत १६ मे १९६८ ला अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला, एक भिंत बाहेर ढकलली गेली आणि २२ मजल्यांचा तो कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चौघं गेले. इमारतीत लोक राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. पॅनेल धड होती, त्यांना बांधणारं काही नव्हतं. सांध्यातून सलग सळया आणि पूर्ण भरलेलं ग्राउट (फटी भरायचं पातळ सिमेंट-मिश्रण) याची तपासणी साइटवर रोज करणारा माणूस नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

अॅल्युमिनियम फॉर्मवर्क शंभराहून अधिक वेळा वापरलं जातं, तेव्हाच ते परवडतं. भाड्याने मिळालं तरी १०० मिमीच्या काँक्रीटच्या भिंती उन्हात तापतात आणि पुढे त्यांत एक खिडकीही फोडता येत नाही.

हे फोडता येणं मला महत्त्वाचं वाटतं. लोक बाल्कनी बंद करणारच. ३२ चौ.मी.मध्ये मूल मोठं झालं की दुसरा मार्ग नसतो. बाल्कनीचा स्लॅब पुढे भिंतीचं ओझं येणार असं धरूनच मोजा: १०० मिमी हलक्या ब्लॉकची भिंत मीटरला सुमारे दोन किलोन्यूटन, भरीव ब्लॉकची पाचच्या पुढे. आणि ती बंद झाली तरी मागच्या खोलीचा उजेड जाऊ नये म्हणून आत १.५ मीटर रुंद दार आणि वर झरोका आधीच ठेवा. चिलीतल्या इकिकेमध्ये वास्तुकार आरावेनाच्या गटाने किंता मोन्रॉय वसाहतीत (२००४) अर्धं घर बांधलं आणि उरलेल्या अर्ध्यासाठी दोन भिंतींमध्ये रिकामी जागा ठेवली. इंदूरच्या अरण्य वसाहतीत वास्तुकार दोशींनी गरिबांच्या प्लॉटवर जोतं नि संडास-बाथरूमचा गाभा आधी दिला, वरचं लोकांनी बांधलं. चार मजल्यांत एवढी मोकळीक देता येत नाही, पण बाल्कनीएवढी देता येते. बोर्दोच्या ग्रां पार्क वसाहतीत लाकातों आणि वासाल या वास्तुकारांनी ५३० जुन्या घरांना, लोक आत राहत असतानाच, बाहेरून ३.८ मीटर खोल काचेचे सज्जे जोडले. बाल्कनीची खोली १.२ वरून १.५ करता आली तर करा. तीस सेंटीमीटरमध्ये एक पलंग बसायचा की नाही हे ठरतं.

पाण्याच्या टाक्या राहिल्या. २४० माणसं, माणशी १३५ लिटर, दिवसाला ३२,४०० लिटर. अर्ध्या दिवसाचा साठा वर ठेवला तरी १६ टन. तो दोन्ही टोकांच्या जिन्यांवर, शिअर वॉलच्या डोक्यावर विभागून ठेवा, घरांच्या स्लॅबवर नको.

चौकट

बाल्कनी १.५ करतो. शेवटचं विचारतो: बाथरूमच्या जलरोधनाची चाचणी नेमकी कधी घ्यायची? ठेकेदार म्हणतो, फरशी बसल्यावर.

पागोळी

फरशीच्या आधी, आणि पुन्हा फरशीनंतर. थर वाळला की गटाराच्या जाळीला बूच मारा, ५० मिमी पाणी भरा आणि भिंतीवर पेन्सिलीने पातळीची खूण करा. ४८ तास ठेवा. बाष्पीभवनाने दोन-तीन मिमी उतरतं, त्याहून जास्त उतरलं तर गळती आहे. खालच्या घरात जाऊन स्लॅबच्या तळाला हात लावून बघा, विशेषतः नळ आरपार जातो तिथे. दहापैकी बहुतेक वेळा ओल तिथेच असते, कारण नळाभोवतीची फट नुसत्या सिमेंटने बुजवलेली असते आणि ते आकसतं. ती फट न आकसणाऱ्या ग्राउटने भरून थर नळावर ५० मिमी चढवायला सांगा. थर भिंतीवर ३०० मिमी, अंघोळीच्या कोपऱ्यात १.८ मीटर. ४८ बाथरूम, प्रत्येकाची तारीख आणि सही एका वहीत. सही नसलेल्या बाथरूममध्ये फरशीवाल्याला शिरू देऊ नका.